इथे हात मिळवू नयेत

सकाळी मी खिडकीचे झाकण वर सरकवले आणि खुर्चीत नीट टेकलोही नव्हतो, तोच बाहेरून एक हात आत आला आणि त्याने माझा हात धरला. आधी हात, मग माणूस. धुक्यातून सायकल मारत आलेला, भुवयांवर दव, डाव्या हातात चुरगळलेली टोपी. "मुलगी!" तो म्हणाला. "मुलगी झाली, साहेब! पोरांच्या रांगेत शेवटी एकदाची मुलगी!" आणि माझा हात वरखाली, वरखाली, जणू मी पंप होतो आणि त्याला तहान लागली होती. मोदेना नगरपालिकेच्या जन्मनोंदणीच्या या खिडकीवर मी कैक वर्षे बसतो आहे. लोक येतात, नावे सांगतात, जातात. खिडकीच्या बरोबर वर, नेत्याच्या तसबिरीखाली, गेल्या वर्षापासून एक छापील पाटी आहे: ‘इथे हात मिळवू नयेत. हात उंच करून अभिवादन करावे.’ हात मिळवणे अस्वच्छ आहे, मिळमिळीत आहे, पुरुषाला न शोभणारे आहे, असे खाली बारीक अक्षरात समजावलेलेही आहे. या माणसाने वर पाहिलेच नव्हते. त्याचा तळवा बाहेरून बर्फ होता आणि आतून गरम; अंगठ्याखालचा भाग दुधाची भांडी उचलून दगड झालेला. आणि माझा हात? माझ्या हातानेही त्याचा हात धरला होता. घट्ट. मला न विचारता. "नाव काय ठेवणार?" मी म्हणालो, कारण काहीतरी म्हणायला हवे होते. "त्यावरनं घरात युद्ध चाललंय," तो म्हणाला. "तुम्ही जागा मोकळी सोडा. दुपारपर्यंत कुणीतरी जिंकेल." मग त्याची नजर पाटीवर गेली. "अरेच्चा, हे राहिलंच की!" असे म्हणून त्याने माझा हात न सोडताच दुसरा हात टोपीसकट उंच केला. "हेही घ्या!"

मागे शेगडीपाशी आमचे बोंपानीसाहेब उभे होते, हे मला तो गेल्यावर कळले. बोंपानीसाहेब खात्याचे मुख्य. ते दुष्ट नाहीत. दुष्ट असते तर गोष्टी सोप्या झाल्या असत्या. पूर्वी अख्ख्या इमारतीत हात मिळवावा तो त्यांनीच. एकदा धरला की हात परत मिळायला वेळ लागे आणि बोलताना ते दुसऱ्या हाताने वरून थोपटत राहात. पाटी लागली त्या दिवसापासून ते दोन्ही हात पाठीमागे एकात एक अडकवून चालतात, सवयीने पुढे जाऊ नयेत म्हणून. तसेच हात बांधून ते माझ्या टेबलापाशी आले. "पाहिलं मी, ओलिंदो," ते म्हणाले. "शेतकरी होता, साहेब. मुलगी झाली त्याला." "त्याला झाली. तुम्हाला नाही झाली." त्यांनी घसा साफ केला. "तुमचे वडील गुरांच्या बाजारात दलाल आहेत ना? आज सोमवार, बाजार भरला असेल. वरून पुन्हा विचारणा झालीये. बाजारात अजून सर्रास हात मिळवतात म्हणे, आणि पहारेकऱ्यांना काही दिसत नाही. तुम्हाला दिसेल, तुम्ही तिथंच वाढलात. जा, आणि दुपारी मला नावं सांगा. सांगितलीत, तर सकाळचं मी काही पाहिलं नाही." "आणि ज्यांची नावं सांगीन त्यांचं, साहेब?" "त्यांचा दलालीचा परवाना जाईल," ते शेगडीकडे बघत म्हणाले. "नावं नाही आणलीत, तर उद्या ही खिडकी दुसरं कुणीतरी उघडेल. मी काय करू, सांगा. मला पण वर कुणीतरी आहे."

बाहेर धुके असे होते की गिर्लांदिनाचा मनोरा बुडापासून दोन पुरुष उंच होता आणि मग संपलाच होता. मी उजवा हात कोटाच्या खिशात ठेवून चालत होतो. हातमोजा घातला नाही. हात झिणझिणत होता, आणि मला हसू येत होते, आणि हसू येण्यासारखे काहीही घडलेले नव्हते याची मला भीतीही वाटत होती. नोकरी गेली तर काय काय जाईल हे मला पाठ आहे. ईस्टरनंतर दिर्चेशी लग्न ठरले आहे. दिर्चे टोप्यांच्या कारखान्यात अस्तरे शिवते; तिच्या मावशीच्या ओळखीने कालव्यापलीकडे दोन खोल्या मिळतायत, त्या सरकारी नोकर आहे म्हणूनच. कॉलरवरचा पक्षाचा बिल्ला, ज्याला सगळे पाठीमागे ढेकूण म्हणतात, तोही मी त्या खिडकीसाठीच लावतो. संध्याकाळी भेटलो की दिर्चे विचारते, "चावला का आज?" एवढा सगळा संसार त्या खिडकीच्या झाकणावर तोललेला, आणि मी असा चाललो होतो, की जणू कुणीतरी मला बक्षीस दिले आहे. कमानींखाली नेहमीची कवायत चालू होती. ओळखीचे ओळखीच्याला दिसले की हात वर, शेजारच्याची टोपी खाली. एक बाई, एका हातात कोबीची पिशवी, दुसऱ्यात छत्री. तिला समोरून बँकेचे साहेब दिसले, तिने छत्रीच उंच केली आणि साहेब चटकन मागे सरकले. एरवी मी असल्या गोष्टींकडे बघत नाही. बघितले की हसू येते, आणि हसू दिसते. आज मी खुशाल बघत होतो. हातातून काहीतरी वर चढत होते, कोपरापर्यंत, खांद्यापर्यंत. किती दिवसांत कोणी मला धरले नव्हते? दिर्चे सोडून. दिर्चेचे वेगळे. ज्याचे माझ्याशी काही नाते नाही अशा माणसाने, केवळ तो आनंदात होता आणि मी समोर होतो, म्हणून.

बाबांचा उजवा हात डाव्यापेक्षा मोठा आहे. लहानपणी मला वाटायचे सगळ्याच बापांचा असतो. सोमवारी संध्याकाळी ते बाजारातून आले की आई परातीत गरम पाणी आणि मीठ घालायची, बाबा हात त्यात बुडवून बसायचे आणि दिवसाचे सौदे सांगायचे. कुणी मूठ किती घट्ट आवळली, कुणी हात पाठीमागे लपवला, कुणी तो चक्क गाईच्या पोटाखाली घातला. कारण आमच्याकडे गुरांचा सौदा बोलून होत नाही. बोलणे म्हणजे नुसती वाफ. विकणारा म्हणतो ही गाय म्हणजे माझी थोरली लेक. घेणारा म्हणतो हिला घेण्यापेक्षा मी बकरी घेईन. दोघे एकमेकांना पाठ दाखवून निघतात, आणि इथे दलालाचे काम सुरू होते. तो एकाला कोटाला धरून ओढून आणतो, दुसऱ्याच्या कानात कुजबुजतो, एकाचे मनगट पकडतो, त्याची बोटे एकेक करून उलगडतो, दुसऱ्याचे मनगट पकडतो, आणि तळव्यावर तळवा आपटून वरून स्वतःच्या हाताने घाव घालतो. टाळी वाजली की संपले. मग वीज कोसळली तरी शब्द फिरत नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. आमच्या घरातही असेच चाले. आई आणि बाबा भांडले की बाबा स्वतःच दलाल व्हायचे: डाव्या हाताने स्वतःचाच उजवा हात मनगटाला धरून ओढत आणायचे, तो ‘येत नाही, येत नाही’ म्हणून अडायचा, ते त्याची समजूत घालायचे, "अरे चल, बाई चांगली आहे, थोडी तोंडाळ आहे एवढंच," आणि शेवटी तो आईच्या हातावर नेऊन आपटायचे. आईला हसू आवरायचे नाही. एकदा तिने ताटल्या पुसायचे फडके त्या हाताला बांधले आणि म्हणाली, "हा बैल मला नको, पण सोडूनही देववत नाही." त्या स्वयंपाकघरातली पिवळ्या उजेडाची जागा, मक्याच्या लापशीचा वास, टेबलाखाली मी. मला त्या वेळी फार सुखात असल्याची जाणीव नव्हती. आता, कमानी संपून रस्ता बाजाराकडे वळला तिथे, एकदम झाली, आणि इतकी झाली की मी क्षणभर भिंतीला टेकून उभा राहिलो.

आमच्या कचेरीत नाताळाच्या आधी एक टेबल रिकामे झाले. बेन्यामिनो उसिल्यो, मृत्युनोंदणीचे. सरकारने ज्यूंना नोकरीतून काढले तेव्हा ते गेले. जाताना ते प्रत्येक टेबलापाशी थांबले, दोन शब्द बोलले, आणि दोन्ही हात ओव्हरकोटाच्या खिशातच ठेवले. हात पुढे केला असता, तर आमच्यापैकी प्रत्येकाला त्या पाटीखाली काहीतरी ठरवावे लागले असते. तेवढा त्रास त्यांनी आम्हाला दिला नाही. त्यांच्या खिशात मुठी झालेल्या दिसत होत्या. हे आत्ता का आठवावे? धुक्यात चालताना माझीही मूठ खिशात वळली होती, आणि मी ती सोडवली.

गुरांचा बाजार दिसायच्या आधी ऐकू येतो आणि त्याच्याही आधी नाकाला कळतो. ओले शेण, गवत, माणसांच्या लोकरी कपड्यांची वाफ, आणि कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तळल्या जाणाऱ्या पिठाच्या पुऱ्यांची चरबी. आत शिरलो तर समोर काहीच नाही, नुसते पांढरे. त्या पांढऱ्यात शिंगे, टोप्या, कोटावरून पांघरायचे काळे झगे येत होते, जात होते. मी एका खांबापाशी उभा राहिलो, हेरासारखा, हेरच होतो. आणि मग ऐकू आले. टप्. डावीकडे, गाभण गाईंच्या बाजूला. टप्. मागे, दूर. एक जरा दबकी, झग्याच्या आत वाजलेली. धुक्यात कायदा आंधळा होतो, आणि फेब्रुवारीत मोदेनाला धुक्याशिवाय आहे काय! एक पहारेकरी खाकरत खाकरत जवळून गेला, आपण येतो आहोत हे सगळ्यांना नीट कळावे म्हणून बहुधा. लगेच चहूबाजूंनी उजवे हात वर गेले, अगदी ताठ, कवायतीच्या मैदानावरही इतके ताठ जात नाहीत, आणि त्याच माणसांचे डावे हात झग्यांखाली एकमेकांत गुंतलेले मला, फक्त मला, दिसत होते. कारण कोपर कसे वाकते हे मला ठाऊक आहे. इतकेच नाही, डोळे मिटून मी सांगू शकलो असतो कुठली टाळी कुणाची. कोरडी, तुटक: तो कार्पीचा लंगडा दलाल. ओलसर, लांबलेली: खाटीक प्रोस्पेरो, तो हात सोडायच्या आधी नेहमी एक सुस्कारा टाकतो. नावे माझ्यापुढे आपोआप जमा होत होती, आणि बोंपानीसाहेबांचे खरे होते, मलाच दिसत होते. पण मला काय झाले होते? मला आनंद होत होता. सगळे गाव हात वर करून उभे आहे असे मी वर्षभर समजत होतो, आणि खाली हे चालले होते.

"कचेरी जळली काय रे?"

बाबा. झगा खांद्यावर, मिशीला दव, शेजारी एक पांढरा बैल. बैलाने मान वर केली, तसे बाबांनी त्याला हात उंच करून सलाम ठोकला. "कुणी बघत असलं तर असावं म्हणून," ते म्हणाले. "तू इथं कसा?"

मी सांगितले. खोटे बोलायचे ठरवले असते तर जमले नसते. त्यांच्यासमोर कधीच जमले नाही. शेतकरी, मुलगी, बोंपानीसाहेब, नावे, परवाने, खिडकी. बाबा ऐकत बैलाचा कान चोळत राहिले.

"दिर्चेला ठाऊक आहे?"

"सकाळची गोष्ट आहे, बाबा."

"आणि त्या दोन खोल्या?"

"नोकरी नसली तर नाही मिळणार."

"हं," ते म्हणाले. ते वळून धुक्यात गेले आणि कुणाशी तरी दोन शब्द बोलले. तो आणखी कुणाशी तरी बोलला. आणि मग टाळ्या थांबल्या. डावीकडच्या थांबल्या, मागच्या थांबल्या. गुरे हंबरत होती, माणसे गप्प. मला कळायला थोडा वेळ लागला. एर्मेते दलालाच्या मुलाला हात बघायला पाठवले आहे, बिचाऱ्याला पेचात टाकू नका, असा निरोप फिरला होता. सबंध बाजार माझ्यासाठी हात खिशात घालून उभा राहिला. कुणी माझ्याकडे रागाने पाहात नव्हते, हेच सहन होईना. कार्पीचा लंगडा तर जाता जाता म्हणाला, "काळजी नको करू, पोरा. सौदे काय, दुपारनंतर खाणावळीत करू." सकाळपासून अंगात जे चढत होते ते एकदम उतरले. नाव नाही, तर खिडकी नाही; पण त्याहून वाईट हे, की माझ्यामुळे इथेही ती पाटी लागली होती.

बाबा परत आले ते दोन माणसांना घेऊन. एक खाटीक प्रोस्पेरो, दुसरा वुल्मेर, सोलिएराकडचा कूळ शेतकरी, तोच पांढरा बैल विकायला आलेला. दोघे सकाळपासून भांडत होते असे दिसत होते, आवाज बसले होते. "किंमत जुळलीये," बाबा मला म्हणाले, आणि मग अगदी हळू, "पहारेकरी तिथं नळापाशी आहे. मी त्याच्यासमोर, झगा काढून, उघड्यावर हात मिळवतो. नीट बघ. दुपारी साहेबांना जाऊन एक नाव सांग. एका नावानं त्यांचं भागेल आणि बाकीच्यांना कुणी विचारणार नाही."

"बाबा, परवाना जाईल."

"गेला तर गेला. गुडघे दुखतात अलीकडे." ते हसले. "तुझ्या आईला किती वर्षं हवंय मी सोमवारी घरी बसावं म्हणून. तिचं तोंड दिवसभर ऐकावं लागेल एवढंच." आणि त्यांनी झगा काढला. आत त्यांनी नाताळचा कोट घातला होता, कोपरावर आईने रफू केलेला. झगा बैलाच्या पाठीवर टाकला, बाह्या मागे सारल्या, आणि तो मोठा हात, सगळ्या बाजारासमोर, उघडा. नेमके तेव्हाच धुके विरळ झाले. असे होते आमच्याकडे, दुपारच्या सुमाराला. जसे कुणी झाकण उचलावे. नळापाशी पहारेकरी दिसला, त्याचे पितळी बक्कल दिसले, भिंतीवरची घोषणा दिसली, माणसे दिसली, सगळी आमच्याकडे बघत असलेली. बाबांनी प्रोस्पेरोचे मनगट धरायला हात पुढे केला.

मी काही ठरवले नाही. ठरवायला वेळ कुठे होता! माझा हात खिशातून निघाला होता. बाबांच्या आधी मी प्रोस्पेरोचे मनगट पकडले. जाड, केसाळ, रक्ताचा वास असलेले. त्याने सवयीने मूठ आवळली, अगदी तेव्हाही, आणि मी ती उलगडली, करंगळीपासून, बाबा उलगडतात तशी. वुल्मेरने हात पाठीमागे नेला. मी त्याचा दंड धरून ओढला. "अरे, अरे!" तो म्हणाला. तळव्यावर तळवा आणला, आणि वरून माझ्या उजव्या हाताची धार, शाईचे डाग पडलेल्या हाताची, सगळे बळ लावून. टप्प! पलीकडच्या बराकीच्या भिंतीवरून ती टाळी परत आली. मला ओरडावेसे वाटले आणि मी ओरडलोही, "ठरलं!" माझ्या आवाजाने बैल दचकला. आणि कुठेतरी मागे एक टाळी वाजली, मग दुसरी, मग बाजारभर, उघड्यावर, उन्हात, ज्या मघापासून अडल्या होत्या त्या सगळ्या.

पहारेकरी सावकाश चालत आला. वय झालेला माणूस, त्याच्याही मिशीला दव. "कुणी केलं हे?" त्याने विचारले. जणू त्याने पाहिले नव्हते. जणू मला अजून एक संधी होती.

"मी," मी म्हणालो. "ओलिंदो. एर्मेते दलालाचा मुलगा. नगरपालिकेत जन्मनोंदणीच्या खिडकीवर असतो. बोंपानीसाहेबांना दुपारी नाव हवं होतं, ते मीच जाऊन सांगतो. एकच आहे." मी पुन्हा सांगितले, कारण बरे वाटत होते. "एकच नाव आहे." खिडकी गेली होती, दोन खोल्या बहुधा गेल्या होत्या, दिर्चेला संध्याकाळी सांगावे लागणार होते, आणि ती आधी रडेल आणि मग कसे कसे झाले ते तीनदा सांगायला लावेल, हे मला दिसत होते. आणि तरी मी असा उभा होतो, की अंगात मावत नव्हतो. पहारेकऱ्याने बाबांकडे पाहिले, खाकरला, आणि ज्या बाजूला टाळ्या वाजत नव्हत्या अशी एखादी बाजू शोधत निघून गेला.

मी बाबांकडे वळलो. त्यांचे डोळे ओले असतील असे मला वाटले होते. ते संतापाने लाल झाले होते.

"गाढवा," ते म्हणाले, "दोर कुणाचा?"

"कुठला दोर?"

"बैलाच्या गळ्यातला! दोर बैलाबरोबर जाणार का वुल्मेरकडं राहणार, हे ठरायच्या आधीच हात मिळवलेस? आधी दोर ठरवतात, मग हात! आता हे दोघं अंधार पडेपर्यंत भांडतील!" आणि खरेच, वुल्मेरने दोर छातीशी धरला होता आणि प्रोस्पेरो त्याचे दुसरे टोक ओढत होता, आणि बैल दोघांच्या मध्ये शांतपणे उभा होता. बाबांनी झगा पुन्हा अंगावर घेतला, माझ्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिले, माझ्या कचेरीच्या बुटांकडे जरा जास्त वेळ. "पुढच्या सोमवारी मी पहाटे हाक मारीन," ते म्हणाले, "तेव्हा पहिल्या हाकेला उठायचं."

"उठतो," मी म्हणालो.